ओल्या लाकडाची राखण

ज्या गावाने दगड हेच आपले कुलशस्त्र मानले, आणि पोळ्याचे बैल गोठ्यात परतले की दुसऱ्याच दिवशी जाम नदीच्या काठी उभे राहून पलीकडच्या सावरगावकरांशी त्या शस्त्राची यथासांग देवघेव करण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालविली, त्या पांढुर्ण्यात एखाद्या गृहस्थाने धनुष्य करण्याचा संकल्प सोडावा, ही गोष्ट शस्त्रविद्येच्या इतिहासात काही सहस्र वर्षांची उडी समजावी लागेल. आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त गुरुजींनी ती उडी घेतली. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींतल्या शाळांतून त्यांनी हयातभर मुलांना पानिपत शिकविले होते, आणि दरवर्षी तीच लढाई त्याच तारखेला हरून हरून त्यांच्या मनात, आपण निदान एखादे शस्त्र तरी स्वहस्ते निर्माण करावे, अशी ईर्ष्या उत्पन्न झाली असावी. त्यातच अमेरिकेतील भाच्याने धनुष्यनिर्मितीवरील एक जाडजूड ग्रंथ वाढदिवसाची भेट म्हणून पाठविला. निवृत्त माणसाला ग्रंथ भेट देणाऱ्यांनी त्याच्या कुटुंबाचा आधी विचार करावा, असे माझे नम्र मत आहे.

ग्रंथात चेरीच्या ताज्या तोडलेल्या लाकडाचे मोठे स्तवन होते. आता पांढुर्ण्याच्या बाजारात चेरी मुळीच मिळत नाही असे नाही. ती केकवर मिळते आणि पानाच्या विड्यात मिळते. पण ती वस्तुतः साखरेच्या पाकात शिजवून तांबड्या रंगात बुडविलेले करवंद असते, आणि करवंदाच्या जाळीपासून धनुष्य करावयाचे तर आधी स्वतःच्याच रक्ताचे बलिदान द्यावे लागते. चेरीचा दुसरा आप्त काष्ठौषधी विकणाऱ्याकडे आढळला. पद्मकाष्ठ म्हणून वैद्य जे वापरतात ते हिमालयातील रानटी चेरीचेच लाकूड होय. गुरुजींनी तेही पाहून घेतले. पण वितीएवढे ते तुकडे काढ्यास योग्य, युद्धास नव्हेत. त्यामुळे चेरीचा नाद सुटला आणि ग्रंथातील चेरीच्या जागी सर्वत्र पेन्सिलीने ‘धामण’ असे लिहिण्यात आले.

ही दुरुस्ती मोठी शहाणपणाची होती. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक. कावडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, गाडीचे भाग आणि रानातल्या लोकांची धनुष्ये यांसाठी ते फार पूर्वीपासून वापरात आहे. वाकेल, वाकल्यावर परत येईल आणि परत येताना कुरकुर करणार नाही, असे हे झाड आहे. हा गुण मला माझ्या ओळखीच्या फारच थोड्या माणसांत आढळला. बांबूचा पर्यायही होता, आणि शास्त्राधार पाहिला तर बांबूचेच पारडे जड. अग्निपुराणातील धनुर्वेदाने चंदन, वेत, साल वगैरे लाकडे मोजून अखेर शरदृतूत तोडलेल्या वेळूचे धनुष्य सर्वश्रेष्ठ ठरविले आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणी बादशहाच्या सैन्यातील हिंदी लोकांच्या हाती वेळूचीच धनुष्ये दाखविली आहेत. आणि एरियन या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने तर हिंदी तिरंदाज माणसाएवढे उंच धनुष्य जमिनीवर टेकवून, त्यास डाव्या पायाने रेटा देऊन बाण सोडीत असे, असे वर्णन करून ठेवले आहे. गुरुजींचा डावा गुडघा वाताचा असल्यामुळे ही परंपरा त्यांना चालविता येण्यासारखी नव्हती. शिवाय बांबूस भुंगा लागतो. तो लागू नये म्हणून अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असे जुने लोक सांगतात, आणि तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून आतले पिष्ट धुऊन काढावे असे जाणकार सांगतात. आणि वनस्पतिशास्त्राने गवतात गणलेला हा बांबू कायद्याच्या दृष्टीने कितीतरी काळ वृक्ष होता. रानाबाहेरच्या बांबूला 2017 साली त्या वृक्षत्वातून मुक्तता मिळाली, तरी ही आनंदवार्ता प्रत्येक नाक्यावर पोहोचलीच असेल अशी खात्री गुरुजींना वाटेना. तेव्हा धामणच.

सौंसरच्या बाजूस त्यांच्या मेव्हण्याच्या शेताच्या धुऱ्यावर धामणीचे एक मनगटाहून बरेच जाड, सरळसोट झाड होते. ते हिवाळ्यात, झाडातला रस उतरल्यावर, तोडण्यात आले. येथून पुढे जे शास्त्र सुरू होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ त्या शास्त्राच्या एकाच कलमातून उद्भवला.

ताज्या लाकडातले पाणी त्याच्या अंगातून सावकाश आणि दोन्ही टोकांतून भराभर निघून जाते. त्यामुळे टोके आधी आकसतात, मधला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि या मतभेदात लाकूड टोकाशी तडकते. म्हणून करवत थांबताच टोकांवर मेण, सरस, लाख किंवा जाडसर तेलरंग थापावा. उद्या थापू म्हणणाऱ्यास उद्या भेग दिसते. दुसरे असे की, लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वलयांच्या अंगाने ते जितके आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. अमेरिकेतील काळ्या चेरीत हे प्रमाण सुमारे 7 टक्के आणि 4 टक्के असे पडते. त्यामुळे अखंड ओंडका वाळताना कोठेतरी फाटणारच. तो आपल्या इच्छेने फाटण्यापूर्वी आपण पाचरी ठोकून आपल्या इच्छेने त्याची दोन फाळकी करावीत, यातच शहाणपण. साल लगेच सोलली तर पाठीवर बारीक चिरा उमटतात, आणि तशीच ठेवली तर सालीखाली किड्यांचे बिऱ्हाड होते. म्हणून सोलणाऱ्याने पाठीलाही टोकांप्रमाणेच लेप द्यावा. मग ते फाळके सावलीत, जमिनीपासून उंच, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा जागी आडवे ठेवावे, आणि थांबावे.

हे ‘थांबावे’ म्हणजेच ते कलम. जुना हिशेब इंचाच्या जाडीस एक वर्ष असा आहे. घाई असेल त्याने ओले असतानाच लाकूड धनुष्याच्या आकारास जवळ आणून, फळीस बांधून ठेवावे, म्हणजे महिन्यांचे काम आठवड्यांवर येते. पण गुरुजी घाईचे नव्हते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांशी सलगी करू लागला म्हणजे पातळ लाकूड असे काही तडकते की मध्यरात्री घरातली माणसे उठून चोर शोधू लागतात. वाजवीपेक्षा अधिक वाळलेले लाकूड तर आणखी वाईट. ते ताणताच मोडते. जनकराजाच्या घरचे शिवधनुष्य पिढ्यान्‌पिढ्या आठ चाकांच्या लोखंडी पेटीत बंद होते, या वाल्मीकींच्या नोंदीचा गुरुजी आता निराळाच अर्थ लावतात. तो येथे लिहून रामभक्तांचा रोष ओढवून घेण्याची माझी इच्छा नाही.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. दर आठवड्यास त्याचे वजन करावे. वजन उतरावयाचे थांबले म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी समेटास आले. गुरुजींच्या घरी सहा फुटांचे लाकूड तोलण्यासारखा काटा नसल्यामुळे ते दर बाजारवारी ते फाळके खांद्यावर घेऊन एका धान्यवाल्या शेटजींच्या आडतीवर जाऊ लागले. पहिले दोन बाजार शेटजींनी सौजन्याने काढले. तिसऱ्या बाजारी काट्यावरचा आकडा पाहून त्यांचा चेहरा पडला.

“गुरुजी, मागच्या हप्त्यात तं हे जास्त होतं.”

“होय, उतरायलाच पाहिजे.”

“उतरायले कायले पाहिजे? तेच लाकूड, तोच काटा.” शेटजींनी आवाज खाली आणला. “चार गिऱ्हाईक उभे हायेत. माह्या काट्यावर डाग नका लावू.”

गुरुजींनी पाण्याच्या बाष्पीभवनावर पाठ दिला. शेटजींनी तो ऐकून घेतला, आणि पाणी उडाल्यामुळे आपल्या गोदामातील तूर व हरभऱ्याचेही असेच काही होत असते काय, अशी चौकशी मोठ्या आस्थेने केली. त्या दिवसापासून आडतीवर माल घटला की त्याचे खापर गुरुजींच्या सिद्धांतावर फुटू लागले, असे हमालांकडून कळते.

पण हे सारे शास्त्र परदेशी ग्रंथकारांनी ज्या देशांत रचले, तेथे एक गोष्ट त्यांनी गृहीत धरलेली दिसते, ती ही की, सावलीत ठेवलेले लाकूड सावलीतच राहते. भेगा, कीड, बुरशी, वाकणे, या सर्व शत्रूंची ग्रंथात सविस्तर दखल आहे, शेजाऱ्यांची नाही. आमच्या मुलखात सरळ, गुळगुळीत, माणसापेक्षा थोडे उंच असे लाकूड ही खाजगी मालमत्ता नसून सार्वजनिक सोय आहे, आणि ते ‘नुसते पडून’ असणे हा तर समाजाचा उपमर्द आहे.

माघ महिन्यात मृगबहाराच्या संत्र्यांनी फांद्या जमिनीला लागल्या. पांढुर्णा आणि सौंसर ही संत्र्यांची गावे; फळांनी लवलेल्या फांदीला टेकू मिळाला नाही तर वर्षाची कमाई काडकन मोडते, हे येथील पोरासही ठाऊक. शेजारच्या बागाइतदारांनी गुरुजींच्या पडवीतून ते फाळके उचलून नेले, आणि गुरुजी शोध घेत बागेत पोहोचले तेव्हा त्याचे रंगविलेले एक टोक मातीत रोवलेले, तर दुसरे टोक संत्र्यांच्या घोसाखाली कर्तव्यनिष्ठेने उभे होते. “फांदी मोडत होती, गुरुजी. तुमचं लाकूड तं नुसतंच पडून होतं.” मोबदला म्हणून टोपलीभर संत्री घरी आली. वहिनींच्या, म्हणजे गुरुजींच्या पत्नींच्या, मते सौदा वाईट नव्हता.

फाल्गुनात होळीच्या रात्री गुरुजींना ते लाकूड उशाशी घेऊन झोपावे लागले. कारण होळीस लाकूड चोरणे हा अपराध नसून अधिकार आहे, आणि चोरणारी मुले त्यांचेच विद्यार्थी असल्यामुळे घराचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. चैत्रात वाळवणे आली. गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड यांनी उन्हाचा एकन्‌एक चौरस हात व्यापला, जिन्याखालची सावली तेवढी लाकडाकडे राहिली, आणि येथवर घरातील शांतता टिकली होती. परंतु उन्हात कुरडया म्हणजे कावळेही आलेच. एके दुपारी गुरुजी वामकुक्षी करून उठतात तो गच्चीवरून लाकूड आपटल्याचे आवाज! वहिनी कावळ्यांमागे धावत होत्या आणि ज्या पाठीला गुरुजींनी तीन हात लाख दिली होती, ती पाठ कठड्यावर आदळत होती.

“अहो, कावळ्यांना काय कळतं तुमचं शास्त्र!” असा जबाब त्यांनी दिला, आणि विचार केला तर तो कायदेशीर दृष्ट्याही निर्दोष होता.

वैशाखात समोरच्या घरी लग्न निघाले. मांडवाच्या एका कोपऱ्यास खांब कमी पडला. पुढे काय झाले हे सांगण्याची गरज नाही. एवढेच नमूद करतो की, लाकूड परत आले तेव्हा त्यात खिळ्यांची दोन छिद्रे होती आणि झालरीचा एक तुकडा त्याच्या कमरेस तसाच होता. ज्येष्ठात गळक्या कौलांखालचा वासा म्हणून, आषाढात चिखलाने भरलेल्या नालीचा अडसर काढण्यासाठी, आणि मधल्या फुरसतीत कुत्री हाकलण्यासाठी त्याची नेमणूक होत गेली. प्रत्येक नेमणुकीवरून ते परतले, पण प्रत्येक वेळी थोडे आखूड होऊन परतले. सहा फुटांचे पाच फूट कधी झाले याची दप्तरात नोंद नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुराकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर फिरवितात. त्याच दिवशी आमच्याकडे गोटमार असते. त्या दिवशी पहाटे जाम नदीच्या मध्यभागी पळसाचे ताजे तोडलेले झाड रोवून त्यावर निशाण लावतात, आणि दगडांच्या वर्षावातून झाडाशी पोहोचून, कुऱ्हाडीने ते तोडून, निशाण चंडीमातेच्या देवळात नेणाऱ्या पक्षाचा जय होतो. ताज्या लाकडाचा इतका बहुमान आणि इतक्या तातडीने विनियोग मी अन्यत्र पाहिलेला नाही. दरसाल शेकडो लोक जखमी होतात आणि काही घरांतली माणसे या खेळात कायमची गेलेली आहेत. सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चालले नाही. तेव्हा या विषयावर विनोद करण्याचा मोह मी येथेच आवरतो. गुरुजींचा नातू नागपूरचा. त्याला या धामधुमीपासून दूर ठेवण्यासाठी वहिनींनी त्याच्या नंदीबैलास नवी चाके करविण्याचे ठरविले. सुतार आला, चाकांच्या आसास योग्य असे लाकूड शोधू लागला, आणि जिन्याखाली त्यास ते मिळाले. करवत चालवून झाल्यावर त्याने कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरविला, लाकूड कानाशी धरून टिचकी मारली, आणि म्हणाला, “एक नंबर वाळलेलं हाय. असं लाकूड आता भेटत नाही.”

पश्चिमेकडील लोकांनाही धनुष्याच्या लाकडाची टंचाई भासली होती, पण ती सरकारी उपायांनी दूर होण्यासारखी होती. इंग्लंडात यू नावाच्या झाडाचे चांगले लाकूड दुर्मिळ झाले, तेव्हा 1472 साली तेथे असा कायदाच झाला की, बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजाने मालाच्या दर टनामागे चार धनुर्दंड जकातीसारखे आणून दाखल करावेत. त्यांचे मेरी रोज नावाचे लढाऊ जहाज 1545 साली बुडाले आणि 1982 साली वर काढण्यात आले. त्याच्या सांगाड्यातून शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली, आणि चार शतकांहून अधिक काळ पाण्यात राहूनही त्यांतली कित्येक अखंड होती. गुरुजींना याचे नवल वाटत नाही. समुद्राच्या तळाशी शेजार नसतो, हा त्यांचा अभिप्राय आहे.

सुताराच्या करवतीने झालेल्या पराभवानंतर गुरुजींनी विराटपर्व काढून वाचले. लाकूड वाळविणे म्हणजे लाकूड लपविणे, हे तत्त्व पांडवांस पूर्णपणे अवगत होते असे त्यांच्या ध्यानात आले. अज्ञातवासास निघताना त्या पाच जणांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या (हे अगदी शास्त्रशुद्ध, दोरी चढविलेले धनुष्य ठेवले तर लाकूड वाकडेपणाची सवय धरते), आयुधे शमीच्या झाडावर पावसाची झड लागणार नाही अशा जागी बांधली, आणि येवढ्यावर न थांबता त्याच झाडाला एक प्रेत लटकावून दिले, की दुर्गंधीने कोणी फिरकू नये. मत्स्यदेशातही शेजारी असतीलच. त्यांच्याही फांद्या मोडत असतील, त्यांच्याही घरी लग्ने निघत असतील. व्यासांचा हा व्यवहार पाहून गुरुजी थक्क झाले. शमी सौंसरकडे मिळाली असती. उरलेल्या साहित्याविषयी त्यांनी वहिनींजवळ शब्दही काढला नाही.

पुढल्या हिवाळ्यात मेव्हण्याच्या धुऱ्यावरचे दुसरे झाड तुटले. या खेपेस गुरुजींनी पाचरी मारून फाळके केले, टोकांना तेलरंग दिला आणि भाड्याच्या टेम्पोत ते पांढुर्ण्याकडे निघाले. वाटेत एका नाक्यावर गाडी अडविण्यात आली. सरपंचांचा दाखला होता, पण त्यावरचा खसरा क्रमांक मेव्हण्याच्या शेताऐवजी शेजारच्या शेताचा पडला होता. वाहतुकीचा परवाना तर नव्हताच. पंचनामा झाला. पंचांनी सह्या केल्या. लाकडाची लांबी-गोलाई मोजून टोकांवर, गुरुजींच्या रंगावर आणखी एक जाड रंगाचा थर देऊन, तांबड्या अक्षरांत क्रमांक घालण्यात आला, आणि माल जप्त होऊन कचेरीच्या आवारातील पत्र्याच्या छपरीत जमा झाला.

ही वार्ता ऐकून आम्ही सांत्वनास गेलो. गुरुजी दारात उभे होते आणि चेहऱ्यावर असे समाधान होते की, आम्हांस क्षणभर त्यांच्या मनःस्थितीची काळजी वाटली. ते नुकतेच छपरी पाहून आले होते. उत्तरेकडे तोंड असलेली जागा, चारी बाजूंनी वारा, उन्हाचा कवडसा नाही, खाली विटांचे थर देऊन त्यावर माल आडवा रचलेला, प्रत्येक टोकास रंग. ग्रंथातील दहाव्या प्रकरणात जे जे सांगितले आहे ते ते सर्व तेथे शासनाच्या खर्चाने सिद्ध होते. आणि मुख्य म्हणजे मुद्देमाल! त्यास हात लावण्याची कोणाची छाती नाही. त्यावर मांडव उभा राहणार नाही, त्याने कावळे हाकलता येणार नाहीत, आणि पोळ्यास सुतार करवत घेऊन आला तर त्याचाच पंचनामा होईल.

गावातल्या एका वकिलांनी आपुलकीने सुचविले की, प्रकरण किरकोळ आहे, दुरुस्त दाखला जोडून अर्ज केला तर माल सुपुर्दनाम्यावर आठ दिवसांत घरी येईल. गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि असला अविचार पुन्हा मनात न आणण्याबद्दल हात जोडून विनंती केली. फी मात्र त्यांनी आगाऊ दिली, आणि ती कशासाठी, हेही स्पष्ट केले. इंचास एक वर्ष या हिशेबाने अडीच इंचांच्या त्या लाकडास अडीच वर्षे लागावयाची. तेव्हा वकीलसाहेबांनी पेशीस हजर राहून, वेळोवेळी मुदत मागून, निकाल तेवढा काळ लांबणीवर टाकावा. वकील काही वेळ स्तब्ध बसले. मग आपल्या एकूण अनुभवावरून इतक्या कामास स्वतंत्र फीची आवश्यकता नाही, असे म्हणून त्यांनी निम्मे पैसे परत केले.

गेल्या पेशीस मी गुरुजींबरोबर होतो. साहेब दौऱ्यावर असल्याचे कारकुनाने सांगताच बाकीचे अर्जदार नेहमीप्रमाणे कुरकुरत पांगले. गुरुजींनी पुढची तारीख वहीत टिपून घेतली, छपरीकडे जाऊन आपल्या क्रमांकाच्या लाकडावर कोठे भेग पडलेली नाही ना हे लांबूनच पाहिले, आणि कारकुनास अदबीने विचारले, की ही तारीख जरा फार जवळची तर होत नाही ना?